बाकडे राजाचे

हा संवाद झाला तेव्हा मी तिथे नव्हते. त्यानंतर शनिवारी पुण्यात जो प्रयोग झाला, त्यालाही मी नव्हते. जे लिहिते आहे ते मुख्यतः दोघींनी सांगितलेले आहे. एक शर्वाणी दातार, जिने प्रश्न विचारला. दुसऱ्या वैजयंती पालयेकर, ज्या तो विचारला जात असताना स्वयंपाकघरात होत्या. दोघींच्या सांगण्यात जिथे फरक आहे, तिथे तो मी मिटवलेला नाही.

वैजयंतींचे सासरे भिवातात्या पालयेकर, त्यांना शर्वाणी आता गुरू म्हणते. हा शब्द त्यांनी स्वीकारल्याचे माझ्या माहितीत नाही.

"पण ते हसले की नाही, हे मला कळणार कसं?"

तात्यांच्या अंगणात पाऊल ठेवताक्षणी तिने हे विचारले नसणार. मात्र तिला आठवते ते इथपासून.

भिवातात्यांनी मान पुढे काढली.

"तात्या, समोरचे मला दिसतात. पलीकडचे दिसत नाहीत. ऐकूही येत नाहीत…"

"उजेडात बस," तात्या म्हणाले.

फणसाखाली एक जुने लाकडी बाकडे होते. त्यावर सुपात रातांब्याची सोले, म्हणजे आमसुले, वाळत घातली होती. शर्वाणीने सूप बाजूला सरकवले आणि ती बाकड्यावर बसली.

स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला, असे वैजयंती सांगतात. शर्वाणीला तो आठवत नाही.

"तुम्हीही बसा ना, तात्या."

"रवांदे."

ते उभेच राहिले.

शर्वाणीचा व्यवसाय इथे सांगणे आवश्यक आहे. ती उत्स्फूर्त विनोदाचे प्रयोग करते. संहिता नसते. प्रेक्षकांपैकी कुणी एक शब्द द्यायचा आणि तिने तिथल्या तिथे त्यातून प्रसंग उभा करायचा. प्रेक्षक दोन प्रकारचे असतात. काही हॉलमध्ये, खुर्च्यांवर. त्यांच्याहून अधिक आपापल्या घरी, फोनसमोर. हॉलमधले हसतात ते लगेच ऐकू येते. घरचे हसतात ते नऊ सेकंदांनी, अक्षरे होऊन, मंचाच्या डाव्या कोपऱ्यातल्या स्क्रीनवर उमटते.

या नऊ सेकंदांनी तिचे नुकसान केले होते. हॉलमधला हशा ओसरण्याआधीच तिची नजर स्क्रीनकडे जाई. स्क्रीन भरेपर्यंत ती थांबे. तोवर हॉल थंड पडे. मग स्क्रीनवर हसू उमटे आणि ते कशाचे, हे हॉलला कळत नसे. मागच्या प्रयोगात तर ती वाक्य बोलून नुसती उभी राहिली. पुढचे वाक्य आलेच नाही. प्रयोग तिथेच संपवावा लागला.

प्रयोग भरवणाऱ्या संस्थेने तिला एक शनिवार आणखी दिला होता. त्या दिवशीही थांबलीस तर तुझ्या जागी दुसरे कुणी, असे स्पष्ट सांगून.

भिवातात्यांचे नाव तिला कुणीतरी सुचवले होते. वेंगुर्ल्याच्या बाजूचे जुने दशावतारी. देवळांच्या अंगणांत, जत्रांमधून, विनोदी सोंगे करणारे. कधी संकासुर, कधी राजाचा हुजऱ्या. तिथेही संहिता नसते. कथा ठाऊक असते, बोलायचे ते ज्याचे त्याने. भिवा कधी अडला नाही, अशी त्यांची ख्याती होती.

शर्वाणीला त्या न अडण्याची युक्ती हवी होती, आणि हे सगळे तिने तात्यांना सांगितले.

"पुण्यासून हशे मोजूक इलंस?" तात्यांनी विचारले.

"मोजायला नाही. आलेत की नाही एवढंच समजायला."

"त्या नऊ सेकंदांत काय करतंस?"

"वाट बघते."

"आणि समोरची माणसा?"

"…तीही वाट बघतात. माझी."

"मगे खेळता कोण?"

शर्वाणीला हे आवडले नाही. "तात्या, मी नाट्यशास्त्र शिकले आहे. विनोदात कुठे थांबायचं, किती थांबायचं, हे मी वर्गात शिकवते. मला प्रश्नाला प्रश्न नको आहे. तुम्ही काय करायचात, तेवढं सांगा."

तात्या तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांचे असे टक लावून पाहणे तिला उद्धटपणाचे वाटले, हे ती आज कबूल करते.

"खेळ कर," ते म्हणाले.

"इथे?"

"हंयच."

"मग एक शब्द द्या."

तात्यांनी इकडेतिकडे पाहिले. "कोंबो."

शर्वाणी उठली. पदर खोचावा तशी तिने ओढणी कमरेला बांधली. तिने तोंड उघडले, आणि भिवातात्या वळले. तिच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, फणसाच्या खोडाकडे तोंड करून उभे राहिले.

ती क्षणभर गोंधळली. मग तिने सुरुवात केली.

तिने कोथरूडमधली एक सोसायटी उभी केली. पहाटेच्या आरवण्याबद्दल तक्रार आली आहे. सर्वसाधारण सभा भरली आहे. कोंबड्याला बाजू मांडायला बोलावले आहे. सचिव म्हणतात, रविवारी तरी आपण शांत राहावे. कोंबडा विचारतो, रविवारचं सूर्याला कळवलंय का?

पाठ हलली नाही.

कोंबडा पुढे म्हणाला, "मी आरवतो म्हणून तुम्ही उठता, असा ठराव करा. नाहीतर तुम्ही उठता म्हणून मी आरवतो, असा करा. पण काहीतरी एक लेखी द्या."

स्वयंपाकघरातून हसू ऐकू आले. वैजयंती सांगतात की त्यांनी तोंडावर हात धरला होता, तरी ते निसटले.

शर्वाणीने ते ऐकले. पण तिची नजर पाठीवर होती. पाठ हलेल म्हणून ती थांबली. ती हलली नाही, तेव्हा तिने तेच वाक्य पुन्हा म्हटले, मोठ्याने. या वेळी स्वयंपाकघरही हसले नाही.

मग ती पुढे काहीतरी बोलली. काय, ते तिला आठवत नाही, वैजयंतींनाही नाही. तिने पुन्हा पाठीकडे पाहिले. मागच्या प्रयोगात स्क्रीनकडे पाहिले होते तसेच.

ती गप्प झाली.

तात्या पुष्कळ वेळाने वळले. "संपलो?"

"तुम्ही ऐकलंत का?"

"नाय."

"म्हणजे… मुद्दाम?"

वैजयंती कोकम सरबताचे पेले घेऊन बाहेर आल्या.

"बाय, त्यांका ऐकाक येत नाय. सात वर्सां झाली. समोरच्याचे ओठ बघून कळता त्यांका. म्हणान तर तुका उजेडात बसयल्यानी."

शर्वाणीने तात्यांकडे पाहिले. मग वैजयंतींकडे.

"वहिनी, पण गेल्या वर्षापर्यंत ते काम करत होते."

"करी होते तर."

"न ऐकता?"

"त्यांकाच इचार. हळू बोल, आणि तोंडार हात नको."

ती तात्यांच्या समोर आली. आता तिच्या आवाजात मघाचा राग नव्हता. धंद्यातल्या माणसाला धंद्यातले रहस्य सापडू लागल्यावर जी घाई होते, ती होती.

"तात्या. लोक हसताहेत, हशा संपला, आता पुढचं वाक्य टाकायचं… हे तुम्हाला कसं कळायचं?"

"पखवाजवाल्याचो हात," तात्या म्हणाले. "लोक हसले काय तो हात वर धरी. हशो गेलो काय खाली टाकी. मगे मी बोली."

शर्वाणीने श्वास सोडला. "म्हणजे तो तुमची स्क्रीन होता. मी हेच तर विचारत होते. मलाही असा एक माणूस ठेवता येईल, कोपऱ्यात, जो मला…"

"तो मेलो."

…

"त्याच्या जाग्यार त्याचो भाचो बसलो. नवो. तो हात कधी खाली टाकूचो म्हणान माझ्या तोंडाकडे बघी. आणि मी त्याच्या हाताकडे."

"तुम्ही त्याला सांगितलं नव्हतं?"

"काय सांगू? भिवाक ऐकाक येत नाय म्हणान? मगे भिवाक सोंग कोण देतलो?"

वैजयंती म्हणाल्या, "त्या पखवाजवाल्याक आणि घरात आमका. आणखी कोणाक म्हायत नव्हता."

"मग काय झालं?"

"एका जत्रेक थांबलंय," तात्या म्हणाले. "मी हुजऱ्या होतंय. बोललंय, आणि थांबलंय. त्याचो हात वर. तो बी थांबलो. पेटी थांबली. राजा थांबलो."

"किती वेळ?"

"माका काय म्हायत."

"मग?"

"बसलंय."

"कुठे?"

तात्यांनी बोट दाखवले. बोलता बोलता शर्वाणी पुन्हा बाकड्यावर टेकली होती. ती उठली.

दशावताराच्या मंचावर एक बाकडे सोडले तर सामान नसते, हे वैजयंतींनी तिला इथे समजावून सांगितले. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. त्यांच्या मंडळाचा दंडक असा की बाकड्यावर बसेल तो राजा. तो बसला की विनोदी सोंगाने उभे राहायचे, गुडघे मोडले तरी. मंडळाने नवे बाकडे केले, तेव्हा हे जुने तात्यांच्या अंगणात आले. अंगणात आल्यापासून तात्या त्यावर एकदाही बसलेले नाहीत.

"मी सोलां सुकत घालतंय, ता चलता," वैजयंती म्हणाल्या. "तू येवन् बसलंस, ताव चलला. पण मगे ते बसूचे नाय. मी आतून बघलंय आणि माझ्या हातातलो टोप पडलो."

शर्वाणीने तात्यांकडे पाहिले. ते अजून उभे होते.

"म्हणजे हुजऱ्या सिंहासनावर बसला," ती हळूच म्हणाली. "मग राजाने काय केलं?"

"काय करतलो? उभो रवलो."

शर्वाणीला हसू आले. वैजयंतींनाही. तात्या दोघींची तोंडे पाहत राहिले.

मग तिचे हसू थांबले.

"आणि लोक? लोक हसले का तेव्हा?"

तात्यांनी सरबताचा पेला उचलला.

"तात्या, लोक हसले का?"

"माका ऐकाक येत नाय गो."

"पण दिसलं असेल. तोंडं दिसली असतील."

"मी राजाकडे बघी होतंय."

ती वैजयंतींकडे वळली. वैजयंती त्या जत्रेला गेल्या नव्हत्या. "मी त्या भाच्याक इचारलंय मागसून. तो म्हणता, माझा ध्यान तात्यांच्या तोंडाकडे होता. राजाक इचारलंय. तो म्हणता, वैजू, माझा सिंहासन गेला होता, मी लोकांका बघू?"

"मग खेळ तिथेच बंद पडला?"

"खेळ पुरो झालो," तात्या म्हणाले. "फुडली तीन वर्सां काम केलंय."

"आणि तो भाचा?"

"तो तोंडाकडेच बघी."

शर्वाणीच्या हातातला पेला तसाच होता. "तात्या, परवा शनिवार आहे. ते हसले की तुम्ही अडलात असं त्यांना वाटलं, हे तुम्हालाच ठाऊक नसेल… तर मी काय शिकून जाऊ?"

तात्यांनी सूप उचलले, बाकड्याच्या मध्यावर ठेवले आणि सोले एकेक करून पसरली.

"जा," ते म्हणाले. "गाडी चुकतली."

ती रागावून गेली. मला तिने हे शब्दशः सांगितले: "म्हाताऱ्याने मला रिकाम्या हाताने परत पाठवलं."

शनिवारच्या प्रयोगाचे चित्रण उपलब्ध आहे. ते मी अनेकदा पाहिले आहे. त्यात शर्वाणीच्या गळपट्टीवरच्या माइकचा आवाज आहे, हॉलचा नाही. चौकटीत ती आहे, एक खुर्ची आहे, आणि मराठे नावाचे एक वयस्क गृहस्थ आहेत. ही खुर्ची तिच्यासाठी नसते. प्रेक्षकांतून जो शब्द देतो, त्याला मंचावर बोलावून त्या खुर्चीवर बसवतात.

मराठ्यांनी "कुलूप" हा शब्द दिला.

शर्वाणी कुलूप झाली. मराठ्यांना तिने उभे केले आणि दार ओढून बघायला सांगितले. त्यांनी ओढले. पुन्हा ओढायला सांगितले. त्यांनी पुन्हा, मग आणखी दोनदा ओढले. बाहेरगावी निघालेला माणूस जिन्यावरून परत येऊन ओढतो, तसे.

कुलूप म्हणाले, "काका, तुम्ही चौथ्यांदा ओढून बघताय. आता मलाच शंका यायला लागली आहे."

इथे ती थांबली.

चित्रणात ती डावीकडे पाहताना दिसते. स्क्रीन चौकटीबाहेर आहे. स्क्रीन रिकामी होती, असे ती सांगते. स्क्रीनशेजारी प्रक्षेपण सांभाळणारा केदार बसला होता. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता आणि त्याचा एक हात वर होता, असेही ती सांगते. केदार म्हणतो की त्याने वायर धरली होती.

तिचा श्वास ऐकू येतो. तोंड उघडते, मिटते. उजव्या हाताची बोटे ओढणीचे टोक शोधतात. नऊ सेकंद उलटून जातात. आणखी काही जातात.

मराठे खुर्चीकडे वळलेले दिसतात. आपले काम झाले, असे त्यांना वाटले असावे. ते बसण्यासाठी वाकतात.

शर्वाणी खुर्चीवर बसते.

मराठे अर्धवट वाकलेले, तसेच सरळ होतात. त्यांचा एक हात अजून नसलेल्या दाराची कडी धरून आहे. ते उभे राहतात. ती खुर्चीत मागे रेलते. मांडीवर मांडी घालते. समोर पाहते, डावीकडे नाही.

बराच वेळ कुणी बोलत नाही.

मग कुलूप म्हणते, "किल्ली तुमच्याकडेच असू द्या, काका. मी आत आहे." आणि प्रयोग पुढे सुरू होतो. तो शेवटपर्यंत थांबलेला नाही.

संस्थेने पुढचा प्रयोगही तिलाच दिला. कारण कळवले नाही.

त्या मधल्या वेळात लोक हसले का, हे मी शोधण्याचा प्रयत्न केला. हॉलमधल्या एका बाईंनी सांगितले की हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी सांगितले की हॉल स्मशानासारखा शांत होता आणि त्यांना वाटले मुलीला बरे वाटत नाही. मराठे म्हणाले, "मी दार धरून होतो." घरून पाहणाऱ्यांच्या त्या वेळच्या प्रतिक्रिया जतन झालेल्या नाहीत. त्याचे तांत्रिक कारण केदारने मला सविस्तर समजावून सांगितले. मला ते समजले नाही.

शर्वाणीलाही ठाऊक नाही.

तिने दुसऱ्या दिवशी वैजयंतींच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून तात्यांना विचारले. खिडकीसमोर बसून, उजेड तोंडावर घेऊन, एकेक शब्द सुटा करून. प्रयोग त्यांनी पाहिला होता, हे तिला कळले होते. वैजयंतींनी पडवीत नारळाला टेकवून फोन उभा केला होता आणि तात्या आरामखुर्चीत बसून, गुडघ्यांवर पंचा टाकून, तो सबंध वेळ बघत होते.

"तात्या, मी खुर्चीवर बसले… तेव्हा लोक हसले का?"

तात्या बराच वेळ गप्प होते, असे वैजयंती म्हणतात. शर्वाणी म्हणते, त्यांनी लगेच उत्तर दिले. शब्दांबद्दल दोघींचे एकमत आहे.

"माका खंय ऐकाक येता?" तात्या म्हणाले. "…तू बसलंस, तसो मी उभो रवलंय."